जीपीएसशिवाय जिओकॅश शोधताना: आधी नकाशा, मग पावलं, शेवटी हात

जिओकॅश म्हणजे कुणीतरी खेळ म्हणून लपवलेली वस्तू. तिचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर तिच्या पानावर दिलेले असतात, आणि बाकीच्यांनी ती शोधायची. जीपीएस यंत्र नसताना जिओकॅश शोधायला निघालेली मंडळी एक चूक पुन्हा पुन्हा करतात. जागा ‘साधारण इथेच’ आहे एवढ्यावर विसंबून ती थेट दगड उचलायला लागतात. तासाभराने हात मातीने भरलेले असतात, आजूबाजूचे लोक संशयाने बघत असतात आणि खरी जागा तिथून चाळीस मीटरवर असते. मीही सुरुवातीला असंच करत होतो. नंतर ध्यानात आलं की यंत्र नसेल तेव्हा शोधाचं बरंचसं काम घरी, टेबलावर संपवायचं असतं. जागेवर उरतात ती मोजलेली पावलं, आणि हात घालण्याची वेळ अगदी शेवटी येते.

इथे ‘जीपीएसशिवाय’ म्हणजे हातातलं यंत्र नाही आणि फोनचं लोकेशनही बंद. घरी संगणक आणि इंटरनेट आहे, बाहेर पडताना सोबत कागद, होकायंत्र आणि पेन्सिल आहे, असं धरून चाललो आहे. जिओकॅशला पुढे मी सरळ ‘डबी’ म्हणेन, कारण बहुतेक वेळा ती डबीच असते.

## टप्पा १: योग्य डबी निवडा

प्रत्येक डबी या पद्धतीने शोधता येत नाही. चुकीची निवडली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून सुरुवात इथून.

प्रकार बघा. पहिल्या काही वेळा फक्त ‘ट्रॅडिशनल’ प्रकारची डबी घ्या. तिच्या पानावर दिलेल्या अक्षांश-रेखांशावरच ती असते. ‘मल्टी’मध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागेचे आकडे मिळतात, म्हणजे नकाशाचं काम भर रस्त्यात पुन्हा करावं लागतं. ‘मिस्ट्री’च्या पानावरचे आकडे बहुधा खरे नसतातच. कोडं सोडवल्यावर खरे मिळतात.

शोधण्याचं काठिण्य आणि वाटेचा अवघडपणा यांचे १ ते ५ असे दोन वेगळे गुण असतात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. सुरुवातीला दोन्ही २ किंवा त्याखाली ठेवा. आकारही वाचा. ‘स्मॉल’ म्हणजे १०० मिलिलिटर ते एक लिटर, साधारण जेवणाच्या लहान डब्याएवढा. ‘रेग्युलर’ त्याहून मोठा. ‘मायक्रो’ म्हणजे जुन्या फिल्मच्या रिळाची डबी किंवा तिच्याहूनही लहान. त्यातली नॅनो तर बोटाच्या पेराएवढी असते. यंत्राशिवाय नॅनो शोधण्याच्या फंदात इतक्यात पडू नका.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची कसोटी वेगळीच आहे: उपग्रहचित्रात त्या जागेच्या साठ-सत्तर मीटरच्या आत न हलणाऱ्या तीन खुणा दिसतात का? देवळाचा कोपरा, विहीर, पुलाचा कठडा, पायऱ्यांचं वळण, कुंपणाचा कोन. दिसत असतील तर डबी घ्या. चहूकडे एकसारखी झाडी असेल तर ती सोडून द्या. मग तिचा काठिण्यगुण १ असला तरी.

व्हर्च्युअल आणि अर्थकॅश या प्रकारांत डबीच नसते. जागेवर जाऊन काहीतरी बघायचं आणि प्रश्नांची उत्तरं कळवायची. जागा मोठी आणि नावाने ओळखू येणारी असते, त्यामुळे हात बसवायला हे प्रकार चांगले.

## टप्पा २: पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

आकडे उतरवून घेतले आणि निघाले, असं करू नका. यंत्रवाल्याला बाकीचं पान वाचलं नाही तरी चालून जातं. आपल्याला वर्णनातला प्रत्येक शब्द लागतो.

शोधून आलेल्यांच्या नोंदी उलट्या क्रमाने वाचा. आधी ताज्या. शेवटच्या तीन-चार नोंदी ‘सापडली नाही’ अशा असतील तर डबी बहुधा गायब आहे, दुसरी निवडा. पावसाळ्यानंतर एकही ‘सापडली’ नोंद नसेल तरीही सावध राहा, ओढ्याकाठच्या डब्या पुरात जातात. कुणी ‘आकडे आठ मीटर पूर्वेला हवेत’ असं लिहिलं असेल तर लगेच टिपून घ्या. असा एक शेरा तुमचा अर्धा तास वाचवतो.

फोटो बघा. लोक डबीजवळचे फोटो टाकतात. मागे दिसणारा कठडा, झाडाचा आकार, दूरच्या डोंगराची कड, हे सगळं पुढे कामाला येतं.

हिंट घरीच उलगडा. हिंट साध्या सांकेतिक लिपीत असते. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं: ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. संगणकावर एका क्लिकमध्ये ती वाचता येते. हिंट आधी वाचली तर मजा जाते असं काहींचं म्हणणं असतं. यंत्र असणाऱ्यांनी ते खुशाल पाळावं. तुमच्याकडे आधीच एक साधन कमी आहे, तेव्हा हिंट वाचा.

> तपासा: डबीचा जीसी क्रमांक (पानावरचा तिचा ओळख क्रमांक), आकार, हिंट, शेवटची ‘सापडली’ तारीख आणि आकड्यांबद्दलचे शेरे कागदावर आले का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: आकडे नीट वाचा

सर्वाधिक लोक इथे घसरतात. म्हणून इथे जरा थांबू.

पानावरचे आकडे अंश आणि दशांश मिनिटं या रूपात असतात. उदाहरणार्थ:

उत्तर १८° ३१.२३४′ पूर्व ०७३° ५१.४५६′

(हे आकडे फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. पुण्याच्या मध्यवस्तीतली कुठलीशी जागा आहे, तिथे डबी शोधायला जाऊ नका.)

एका अंशात ६० मिनिटं असतात. म्हणून दशांश अंश हवे असतील तर मिनिटांना ६० ने भागा आणि अंशात मिळवा.

३१.२३४ ÷ ६० = ०.५२०५७, म्हणजे १८.५२०५७
५१.४५६ ÷ ६० = ०.८५७६०, म्हणजे ७३.८५७६०

आता नेहमीच्या चुका आणि त्यांची किंमत.

*मिनिटं थेट दशांश समजणं.* १८.३१२३४, ७३.५१४५६ असं टाकलं की नकाशावरची खूण पुण्यातून चाळीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला, रायगडाच्या अलीकडच्या डोंगरात जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते, म्हणून तिची भीती कमी.

*दशांश मिनिटांना सेकंद समजणं.* ३१.२३४ म्हणजे ३१ मिनिटं २३.४ सेकंद असं वाचलं तर उत्तर-दक्षिण सुमारे २९० मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ५३५ मीटर चूक होते. एकूण जवळपास ६०० मीटर. ही चूक घातक, कारण शहर तेच, भाग तोच, आणि जागा खरी वाटते.

*शून्य गिळणं.* ३१.०३४ च्या ऐवजी ३१.३४ लिहिलं की साडेपाचशे मीटरचा फरक. आकडे हाताने उतरवताना हे सर्रास होतं. उतरवल्यावर मोठ्याने वाचा आणि घरातल्या कुणाला तरी पानावर ताडून बघायला सांगा.

*दशांश तोडणं.* दशांश अंशात पाच आकडे ठेवा, म्हणजे साधारण मीटरभराची अचूकता राहते. तीनवर तोडलंत तर एकेका दिशेला शंभरेक मीटरपर्यंत चूक होऊ शकते.

गूगल मॅप्सच्या शोधचौकटीत ‘१८ ३१.२३४, ७३ ५१.४५६’ असे आकडे इंग्रजी अंकांत टाकले तर ते रूपांतराविना स्वीकारले जातात. तरीही हाताने भागाकार करून एकदा पडताळा घ्या. दोन वाटांनी एकच जागा आली की मन निश्चिंत होतं.

### आकड्यांचे मीटर

हे कोष्टक पाठ करा. पुढचं सगळं काम त्यावर उभं आहे. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे १८-१९ अंशांच्या आसपास:

- अक्षांशाचं ०.००१ मिनिट = सुमारे १.८४ मीटर
- रेखांशाचं ०.००१ मिनिट = सुमारे १.७६ मीटर

अक्षांशाचा आकडा जगात कुठेही जवळपास हाच राहतो. रेखांशाचा मात्र उत्तरेला जाल तसा आक्रसतो. जर्मनीत ५२ अंशांवर राहणाऱ्या वाचकांनी तो सुमारे १.१४ मीटर धरावा.

## टप्पा ४: नकाशावर जागा पक्की करा

संगणकावर गूगल अर्थ प्रो उघडा. सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांश ‘अंश, दशांश मिनिटं’ या रूपात दाखवण्याची सोय आहे. ती आधी लावून घ्या, म्हणजे पानावरचे आणि पडद्यावरचे आकडे एका भाषेत बोलतील. मग खूण ठोका.

खूण ठोकली म्हणजे जागा मिळाली, असं समजू नका. उपग्रहचित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. तपासायची रीत सोपी आहे. घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारून जुनी चित्रं बघा. एखाद्या देवळाचं किंवा घराचं छत वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत एकाच जागी राहतं का, की इकडेतिकडे हलतं? पाच मीटर हलत असेल तर तेवढी शंका तुमच्या जागेबद्दलही धरायची. माझी पद्धत अशी: चार-पाच चित्रांत त्याच आकड्यांखाली काय येतं ते लिहायचं. तीनदा ‘कठड्याचं पूर्व टोक’ आणि एकदा ‘रस्ता’ आलं, तर कौल कठड्याला.

जुन्या चित्रांचा दुसरा फायदा आपल्याकडे मोठा आहे. सह्याद्रीत ऑक्टोबरच्या चित्रात सगळं हिरवं दिसतं, जमिनीवरचं काहीच कळत नाही. फेब्रुवारी ते मे दरम्यानचं चित्र काढा. गवत वाळलेलं, पानगळ झालेली. पायवाटा, बांध, सुटे कातळ, जुनी जोती स्पष्ट दिसतात.

> सावधान: जागा कड्याजवळ असेल तर दहा मीटरची चूक म्हणजे कड्याच्या वर की खाली, एवढा फरक. उतारावर उपग्रहचित्रही जास्त फसवतं. अशा वेळी समोच्च रेषा, वाटेचा गुण आणि जुन्या नोंदी तिन्ही जुळत असतील तरच निघा.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे वाट आणि चढ समजून घ्यायला उत्तम. पण त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, तेव्हा डबीची जागा त्यावरून काढू नका. शिवाय घरात जुनी टोपोशीट असेल तर तिचे अक्षांश-रेखांश वेगळ्या मोजणी-आधारावर, एव्हरेस्टवर, बेतलेले असतात. जिओकॅशचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या मोजणी-आधारावर असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की जागा चुकते.

## टप्पा ५: ठाम खुणा आणि मोजमापं

आता या लेखाचा गाभा. डबीच्या आसपासच्या तीन ठाम खुणा निवडायच्या आणि प्रत्येक खुणेपासून डबीचं अंतर आणि दिशाकोन (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) कागदावर लिहायचा.

चांगली खूण म्हणजे जमिनीवरचा एक नेमका बिंदू. ‘देऊळ’ ही खूण नव्हे, ‘देवळाच्या जोत्याचा ईशान्य कोपरा’ ही खूण. झाडं टाळा. चित्रात त्यांचा घेर दिसतो, बुंधा दिसत नाही. उंच इमारतीचं छतही टाळा, कारण चित्र तिरकं घेतलेलं असतं आणि छत पायापासून सरकलेलं दिसतं. जमिनीलगतच्या वस्तू घ्या.

वरच्याच आकड्यांवर एक हिशेब करू. समजा देवळाच्या जोत्याचा कोपरा ३१.२१०, ५१.४७० वर आहे.

उत्तरेला फरक: ३१.२३४ − ३१.२१० = ०.०२४, म्हणजे २४ × १.८४ = ४४ मीटर
पश्चिमेला फरक: ५१.४७० − ५१.४५६ = ०.०१४, म्हणजे १४ × १.७६ = २४.६ मीटर

दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की अंतर सुमारे ५१ मीटर. दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे २९ अंश, म्हणजे होकायंत्रावर ३३१.

दुसरी खूण, विहिरीचा मध्य, समजा ३१.२४०, ५१.४८० वर आहे. तिथून डबी ११ मीटर दक्षिणेला आणि ४२ मीटर पश्चिमेला. अंतर ४४ मीटर, दिशाकोन २५५.

गूगल अर्थमधली मोजपट्टी ही उत्तरं लगेच देते. तरी एकदा हाताने करा. जागेवर काही जुळेना झालं की हाच हिशेब कागदावर पुन्हा मांडावा लागतो.

खुणा निवडताना त्यांच्या दिशा एकमेकींशी शक्यतो काटकोनात येतील असं बघा. वरच्या उदाहरणात ३३१ आणि २५५ यांत ७६ अंशांचा फरक आहे, उत्तम. फरक वीस-पंचवीस अंशच असेल तर दोन्ही रेषा लांबवर एकमेकींना घासत जातात आणि छेदबिंदू नक्की कुठे तेच कळत नाही.

सीध शोधा. दोन वस्तू एकामागे एक दिसतात अशी रेषा डबीवरून जाते का ते पट्टी लावून बघा. उदाहरणार्थ, ‘पाण्याच्या टाकीचा डावा खांब आणि पुढच्या वळणावरचा दिशाफलक एका रेषेत’. अशी एक सीध मिळाली तर होकायंत्राच्या दहा मापांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा. सीध हलत नाही, तिला लोखंडाचा त्रास नाही, आणि मीटरभर इकडेतिकडे झालात की डोळ्यांना लगेच समजतं.

### कागदावर काय छापायचं

दोन नकाशे. एक मोठ्या परिसराचा, बसथांब्यापासून वाट दाखवणारा. दुसरा शेवटच्या दोनशे मीटरचा, उपग्रहचित्रासह. दुसऱ्यावर तिन्ही खुणा, अंतरं, दिशाकोन आणि उत्तर दिशेचा बाण हाताने काढा. मोजपट्टी चित्राच्या आतच असू द्या. छपाई करताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की प्रमाण बदलतं, आणि चित्राबाहेर लिहिलेलं ‘१ सेंटिमीटर = १० मीटर’ खोटं ठरतं.

## टप्पा ६: स्वतःचं पाऊल मोजा

‘माझं पाऊल अडीच फुटांचं’ हा अंदाज चालत नाही. डावा पाय पडला की एक, अशी जोडपावलं मोजायची. मैदानावर क्रिकेटची खेळपट्टी असेल तर एका टोकाच्या यष्टीपासून दुसऱ्या टोकाच्या यष्टीपर्यंत २०.१२ मीटर असतात. पाच वेळा चाला, वळताना मोजू नका, झाले शंभर मीटर. नेहमीच्या चालीने चाला. मोजतोय म्हटल्यावर माणूस नकळत ढांगा टाकायला लागतो.

समजा १०० मीटरला ६८ जोडपावलं लागली, तर एक जोडपाऊल १.४७ मीटरचं. देवळापासूनचे ५१ मीटर म्हणजे साधारण ३५ जोडपावलं. हा आकडा नकाशावर मीटरच्या शेजारी लिहून ठेवा. जागेवर भागाकार करत बसू नका. चढावर आणि मुरमाड घसाऱ्यावर पाऊल आखडतं, म्हणून तशाच उतारावर एकदा वेगळं मोजून घ्या.

होकायंत्राबद्दल दोन गोष्टी. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहून कमी फरक आहे, पन्नास मीटरच्या कामात तो सोडून द्या. अमेरिकेत सिॲटलकडे मात्र हा फरक पंधरा अंशांच्या आसपास आहे. तो धरला नाही तर शंभर मीटरवर पंचवीसेक मीटर चुकाल. दुसरं, गाडी, लोखंडी फाटक, विजेचा खांब यांच्यापासून चार-पाच पावलं दूर उभं राहून वाचा, आणि काळ्या कातळावर होकायंत्र टेकवू नका. बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं, काही ठिकाणी सुई सरळ भरकटते. छातीच्या उंचीवर धरून वाचा, दोन पावलं सरकून पुन्हा वाचा. दोन्ही वेळा एकच आकडा आला पाहिजे.

## टप्पा ७: जागेवर बिंदू बांधा

पोहोचल्यावर डबीकडे जाऊ नका. आधी पहिल्या खुणेपाशी जा. हा नियम मोडावासा वाटतोच, कारण समोर संशयास्पद दगड दिसत असतो. तरी मोडू नका.

१. खुणेच्या नेमक्या बिंदूवर उभे राहा. नकाशावर जिला खूण म्हटलं ती हीच वस्तू का, हे दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या संदर्भाने तपासा. एका गावात दोन विहिरी असतात.

२. होकायंत्रावर दिशाकोन लावा आणि त्या रेषेवर समोर एखादी वस्तू हेरा: एखादं झुडूप, दगडावरचा पांढरा डाग. मग होकायंत्र खाली करा आणि त्या वस्तूकडे बघत चाला. सुईकडे बघत चालणारा माणूस हमखास एका बाजूला ओढला जातो.

३. जोडपावलं मोजा. संपली की थांबा. पाण्याची बाटली किंवा रंगीत रुमाल तिथे ठेवा.

४. हेच दुसऱ्या खुणेपासून करा, दुसरी वस्तू ठेवा. मग तिसऱ्यापासून.

वाटेत काटेरी झुडूप आलं तर काटकोनात बाजूला सरका, पावलं मोजा, पुढे चला, आणि तितकीच पावलं परत या. वळसा घालून ‘अंदाजाने’ रेषेवर येऊ नका.

तीन वस्तूंचा एक लहानसा त्रिकोण तयार होईल. पन्नास मीटरवर पाच अंश चुकलात तर चार-साडेचार मीटर, पावलांत पाच टक्के चुकलात तर अडीच मीटर. लपवणाऱ्याच्या यंत्रातही काही मीटरचा फरक असतोच. हे सगळं धरून त्रिकोणाच्या मध्यापासून आठ-दहा मीटरचं वर्तुळ, एवढंच तुमचं शोधक्षेत्र.

> तपासा: त्रिकोणाची एक बाजू पंधरा मीटरहून मोठी आली तर शोधायला लागू नका. एक खूण चुकीची ओळखली आहे किंवा एक कोन चुकीचा लावला आहे. दोन वस्तू जवळजवळ आणि तिसरी लांब पडली असेल तर त्या तिसरीचं मोजमाप पुन्हा घ्या.

## टप्पा ८: आता शोधा, आधी डोळ्यांनी

पहिली पाच मिनिटं हात खिशात. वर्तुळाच्या कडेने हळू चाला आणि स्वतःला विचारा: मी इथे जेवणाच्या डब्याएवढी वस्तू लपवली असती तर कुठे? वाटसरूला दिसू नये, पावसात वाहू नये, आणि ठेवताना फार वाकावं लागू नये. बहुतेक लपवणारे असाच विचार करतात.

मग नैसर्गिक न वाटणाऱ्या गोष्टी बघा. बांधावरचे सगळे दगड शेवाळलेले आणि एकच स्वच्छ. एका बुंध्याच्या बेचक्यात काटक्या समांतर रचलेल्या. लोखंडी कठड्याच्या खालच्या अंगाला बोट फिरवा, मायक्रो डब्या चुंबकाने चिकटवलेल्या असतात. हिंट आता पुन्हा वाचा. घरी जी मोघम वाटली होती, ती समोर जागा असताना बहुतेक वेळा नेमकं बोट दाखवते.

जमीन खणू नका. खेळाच्या नियमांनुसार डबी पुरण्यासाठी खड्डा करायला एरवी मनाई आहे, तेव्हा खणून मिळण्यासारखं काही नसतंच. तट, बुरूज, जोती यांतले दगड उपसू नका. किल्ल्याचा चिरा एकदा निखळला की परत कुणी बसवत नाही.

> सावधान: दगडाखाली किंवा कपारीत थेट हात कधीही घालू नका. फुरसं आणि विंचू नेमके अशाच जागी असतात. दगडाची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलवा, म्हणजे आतलं जनावर समोरच्या दिशेने निघेल. आधी काठीने चाचपा. कड्याखाली आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा.

शहरात रेल्वे स्थानक, पूल, लष्करी हद्द, सरकारी कचेरी यांच्याजवळ वाकून काही शोधू नका. कुणी विचारलं तर खरं सांगा, छापील पान दाखवा. छापील पान हातात असणं इथे फार उपयोगी पडतं. आणि रक्षकाने निघा म्हटलं तर वाद न घालता निघा.

वीस मिनिटांत काही मिळालं नाही तर वर्तुळ वाढवू नका. एका खुणेपाशी परत जा आणि एक रेषा पुन्हा चाला. वर्तुळ वाढवत नेणं ही दमलेल्या माणसाची चूक आहे. दहाचे वीस मीटर केले की क्षेत्रफळ चौपट होतं.

## टप्पा ९: सापडल्यावर, आणि न सापडल्यावर

सापडली तर डबीतल्या वहीत तारीख आणि आपलं खेळातलं नाव लिहा. पेन सोबत हवाच, डबीत तो असेलच असं नाही. नॅनोतली कागदाची सुरळी बाहेर काढायला चिमटा लागतो. काही वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा. खाण्याचं काहीही ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर डबीची वाट लावतात. झाकण नीट लावा, आत ओल राहिली नाही ना बघा, आणि जशी होती तशी, त्याच जागी ठेवा. ‘इथे जास्त चांगली लपेल’ म्हणून हातभर सरकवलेली डबी पुढच्याला सापडत नाही.

घरी आल्यावर नोंद करताना जागा उघड होईल असं लिहू नका. पण उपग्रहचित्रातला सरकलेपणा किंवा आकड्यांतला फरक जाणवला असेल तर तो जरूर लिहा.

न सापडल्याचीही नोंद करा. पुष्कळ जण लाजेने टाळतात. त्या नोंदीमुळे मालकाला डबी तपासून यायची आठवण होते आणि दुसऱ्या कुणाची फेरी वाचते. मात्र तिन्ही रेषा जुळल्या नसतील तर तेही सांगा, नाहीतर डबी जागेवर असूनही गायब समजली जाईल.

आणि त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, छापील नकाशावर पेन्सिलने लिहून ठेवा: कुठल्या खुणेपासून किती पावलं प्रत्यक्षात पडली, त्रिकोण कुठे पडला, वर्तुळातला कुठला भाग हात लावून तपासला आणि कुठला फक्त डोळ्यांनी. दुसऱ्यांदा जाल तेव्हा हाच कागद घेऊन जा.